सीसीच्या रेषेखाली: इंजिनावरचा कर आणि जपानी ग्राहक

मोटारगाडी घेताना माणूस किंमत बघतो, मायलेज बघतो, घरची माणसे नीट बसतील का ते बघतो. जपानी ग्राहक याबरोबर आणखी एक आकडा बघतो, तो म्हणजे इंजिनाचे सीसी. इंजिन किती दमदार आहे एवढ्यापुरताच हा आकडा मर्यादित नसतो. पुढची दहा-बारा वर्षे, दरवर्षी मे महिन्यात, घरी येणाऱ्या कराच्या नोटिशीवरची रक्कम त्यावरूनच ठरते. त्यामुळे पंधराशे सीसी आणि पंधराशे एक सीसी यांत यंत्र म्हणून काडीचाही फरक नसला, तरी खिशाच्या दृष्टीने त्या दोन वेगळ्या गाड्या असतात.

या कराने जपानी लोकांची गाडीची निवड खरोखर बदलली का? बदलली असेल तर किती, आणि कोणत्या वाटेने? जपानी रस्त्यांवर लहान गाड्या अधिक दिसतात याचे श्रेय कराला द्यायचे, की अरुंद गल्ल्यांना, की बचतीच्या सवयीला? हा प्रश्न जपानपुरता नाही. गाडीवर कर लावणाऱ्या प्रत्येक सरकारला, आपल्यालाही, त्याचे उत्तर हवे आहे. गेल्या पन्नास-साठ वर्षांत जपानने करांचे नियम अनेकदा बदलले आणि प्रत्येक बदलाचे पडसाद बाजारात उमटले. त्यामुळे या प्रश्नाचा माग काढायला जपानइतके चांगले उदाहरण क्वचितच सापडेल.

कर बसतो कसा

महाराष्ट्रात आपण नवी गाडी घेताना आरटीओचा कर एकरकमी भरतो. तो गाडीच्या किमतीवर आणि इंधनावर ठरतो, आणि एकदा भरला की पंधरा वर्षे त्याची आठवणही राहत नाही. जपानमध्ये तसे नाही. १ एप्रिलला गाडी ज्याच्या नावावर असेल त्याला त्या वर्षाचा कर लागू होतो, आणि तो साधारण मेअखेरपर्यंत भरायचा असतो. साध्या मोटारींवरचा हा कर प्रांताच्या तिजोरीत जातो, आणि ‘केई’ या सर्वांत लहान वर्गाच्या गाड्यांवरचा कर गावाच्या किंवा शहराच्या पालिकेकडे.

ऑक्टोबर २०१९पासून पहिल्यांदा नोंदलेल्या खासगी गाड्यांचे दर असे आहेत. एक लिटरपर्यंतच्या इंजिनाला वर्षाला २५,००० येन, दीड लिटरपर्यंत ३०,५००, दोन लिटरपर्यंत ३६,०००, अडीच लिटरपर्यंत ४३,५०० आणि तीन लिटरपर्यंत ५०,००० येन. पुढे ही चढण वाढत जाते आणि सहा लिटरच्या वरच्या इंजिनाला १,१०,००० येन पडतात. केई गाडीला मात्र फक्त १०,८०० येन. अलीकडच्या दराने एक येन म्हणजे पन्नास-साठ पैसे धरले, तर दोन लिटरच्या गाडीवर दरवर्षी वीस हजार रुपयांच्या आसपास केवळ मालकीचा कर द्यावा लागतो.

यावर वजनाचा कर असतो. तो १९७१मध्ये आला. गाडीच्या सक्तीच्या तपासणीला जपानमध्ये ‘शाकेन’ म्हणतात. नव्या गाडीला ती तीन वर्षांनी आणि नंतर दर दोन वर्षांनी करावी लागते. वजनाचा कर त्या वेळी वसूल होतो. कोणतीही पर्यावरण-सवलत नसलेल्या खासगी मोटारीला दर अर्ध्या टनामागे वर्षाला ४,१०० येन पडतात, तर केई गाडीला वजन कितीही असो, सरसकट ३,३०० येन. म्हणजे बाराशे किलोची, दीड लिटर इंजिनाची साधी गाडी वर्षाला ४२,८०० येन घेते आणि केई गाडी १४,१०० येन. फरक २८,७०० येनांचा. दहा वर्षांत तो पावणेतीन लाख येनांच्या वर जातो, आणि एवढ्या पैशांत तिथे जुनी केई गाडी सहज मिळते.

ग्राहकावर परिणाम घडवणारी खरी गोष्ट कराची रक्कम नव्हे, कराची रचना आहे. इंजिनाचा आकार वाढेल तसा कर हळूहळू चढत असता, तर कोणी शंभर-दोनशे सीसीचा हिशेब करत बसले नसते. इथे कर पायऱ्यांनी चढतो. तीन लिटरपर्यंतच्या पायऱ्यांत कडेवर एक सीसी जास्त झाला की दरवर्षी साडेपाच ते साडेसात हजार येन जास्त. म्हणून ग्राहक त्या कडेच्या आतली गाडी मागतो, आणि ग्राहक मागेल ते इंजिन कारखाना बनवतो.

१९८९पूर्वीचे जग

आजच्या रचनेत फक्त इंजिनाचा आकार मोजला जातो. १९८९पूर्वी गाडीची लांबी-रुंदीही मोजली जात असे. ४.७ मीटर लांबी, १.७ मीटर रुंदी, २ मीटर उंची आणि २,००० सीसी इंजिन या चौकटीत बसणारी गाडी ‘लहान’ धरली जाई आणि तिच्या नंबरप्लेटवरचा वर्गक्रमांक ५ने सुरू होई. यांपैकी एकही माप ओलांडले की ३ने सुरू होणारी प्लेट. दोन लिटरच्या ५-नंबर गाडीला वार्षिक कर ३९,५०० येन होता, आणि तीन लिटरपर्यंतच्या ३-नंबर गाडीला ८१,५०० येन. शिवाय खरेदीच्या वेळी लागणारा वस्तुकरही लहान गाडीला १८.५ टक्के, तर मोठीला २३ टक्के होता.

एवढा मोठा कडा असल्यावर काय होते, हे सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या जपानी गाड्यांत स्पष्ट दिसते. १९६९मध्ये निस्सानने काढलेली फेअरलेडी झेड अमेरिकेत २.४ लिटर इंजिनासह ‘२४०झेड’ म्हणून गाजली. मायदेशी मात्र ती दोन लिटर इंजिनाने विकायला निघाली, आणि मोठे इंजिन जपानी ग्राहकाला दोन वर्षांनी मिळाले. एकाच शरीरात दोन हृदये बसवण्याचे कारण अभियांत्रिकीचे नव्हते.

दोन लिटरच्या मर्यादेत राहूनही मोठ्या गाडीचा थाट हवा, ही ग्राहकाची इच्छा होती. कंपन्यांनी ती दोन मार्गांनी पुरी केली. एक मार्ग सहा सिलिंडरचा. दोन लिटरच्या इंजिनाला जगात बहुतेक ठिकाणी चार सिलिंडर पुरतात. जपानमध्ये मात्र दोन लिटरची सहा सिलिंडरची इंजिने सर्रास बनू लागली, कारण सहा सिलिंडरचा मऊपणा श्रीमंती गाडीची खूण मानला जाई. टोयोटाचे १,९८८ सीसीचे ‘१जी’ आणि निस्सानचे १,९९८ सीसीचे ‘आरबी२०’ ही त्याची ठळक उदाहरणे. ऐंशीच्या दशकात टोयोटाच्या मार्क टू, चेसर आणि क्रेस्टा या तीन भावंडांनी मध्यमवर्गाला वेड लावले. त्यांच्या खपाचा मोठा आधार याच दोन लिटरच्या इंजिनांवर आणि १.७ मीटरच्या आतल्या अंगावर होता.

दुसरा मार्ग टर्बोचा. आकार वाढवता येत नसेल तर आहे त्याच इंजिनात जास्त हवा कोंबून शक्ती वाढवायची. जपानची पहिली टर्बो मोटार, १९७९ची निस्सान सेड्रिक आणि तिची जोडगाडी ग्लोरिया, दोन लिटरच्याच इंजिनाची होती. नंतर क्राउनसारख्या प्रतिष्ठेच्या गाडीलाही टोयोटाने सुपरचार्जर लावलेले दोन लिटरचे इंजिन दिले. क्राउन विकत घेणारा माणूस गरीब नव्हता, तरीही वर्षाला ४२,००० येन जास्त देण्यापेक्षा त्याला दोन लिटरची क्राउन बरी वाटे. या करामुळे श्रीमंतही मागे सरत होता, एवढे यावरून नक्की म्हणता येते.

नियम बदलला, बाजार बदलला

एप्रिल १९८९मध्ये जपानने उपभोग कर आणला आणि वस्तुकर रद्द केला. मोठ्या गाड्यांवरच्या चढ्या करांबद्दल अमेरिका आणि युरोपची जुनी तक्रार होती. परदेशी गाड्या बहुधा मोठ्या असत आणि जपानी करांच्या चौकटीत बसत नसत. सुधारणेमागे हेही एक कारण होते. वार्षिक कर आता फक्त सीसीवर ठरू लागला. अडीच लिटरपर्यंत ४५,००० येन, तीन लिटरपर्यंत ५१,००० येन. दोन आणि तीन लिटरमधला फरक ४२,००० येनांवरून ११,५०० येनांवर आला, आणि रुंदीवरचा दंड पुरताच गेला.

परिणाम दिसायला वेळ लागला नाही. १९९०मध्ये मित्सुबिशीने रुंद अंगाची, व्ही६ इंजिनाची डायमांटे आणली. तिची अडीच लिटरची आवृत्ती नव्या ४५,००० येनांच्या पायरीसाठीच बेतल्यासारखी होती. ती त्या मोसमातली ‘जपान कार ऑफ द इयर’ ठरली. त्याच वर्षी टोयोटाने मार्क टू परिवाराला २,४९१ सीसीचे ‘१जेझेड’ इंजिन दिले. निस्सानचे ‘आरबी२५’ २,४९८ सीसीचे, डायमांटेचे इंजिन २,४९७ सीसीचे. काल ज्या रेषेला चिकटून सगळे १,९९८वर थांबत होते, ते आता पुढच्या रेषेला चिकटून २,४९८वर थांबू लागले. १९९२ची नवी मार्क टू तर १.७ मीटरची रुंदी ओलांडूनच आली.

माझ्या मते या साऱ्या वादातला सर्वांत भक्कम पुरावा हाच आहे. १९८९मध्ये जपानच्या गल्ल्या रुंद झाल्या नव्हत्या, पार्किंगच्या जागा वाढल्या नव्हत्या. तेजीचा पैसा होता हे खरे. पण तेजी होती म्हणून लोकांनी इंजिने २,४९८ सीसीचीच घेतली, याचा खुलासा तेजीने होत नाही. रुंदीवरचा कर गेला आणि गाड्या रुंद झाल्या. सीसीवरचा कर राहिला आणि सीसी रेषेखालीच राहिले.

याला अपवाद होते, आणि तेही बोलके आहेत. ऑगस्ट १९८९मध्ये आलेल्या निस्सान स्कायलाइन जीटी-आरचे इंजिन २,५६८ सीसीचे होते. अडीच लिटरच्या रेषेपेक्षा अवघे अडुसष्ट सीसी जास्त. रेसिंगच्या वर्गवारीसाठी तो आकार निवडला होता, आणि ज्याला जीटी-आर हवी होती त्याने वर्षाचे सहा हजार येन जास्त देताना मागे-पुढे पाहिले नाही. गाडीवर जीव असलेल्या माणसावर कराचा परिणाम होत नाही. तो होतो त्या बहुसंख्य लोकांवर, ज्यांना गाडी कामासाठी हवी असते.

केई: कराच्या सावलीत वाढलेला वर्ग

त्या बहुसंख्यांची गाडी म्हणजे केई. युद्धानंतर, १९४९मध्ये, हा वर्ग नियमांत आला. लोकांना परवडेल अशी छोटी गाडी देशातच बनावी हा हेतू होता. इंजिनाची मर्यादा १९५५मध्ये ३६० सीसीवर आली, १९७६मध्ये ५५० झाली आणि १९९०मध्ये ६६०. आकाराची आजची मर्यादा १९९८पासून आहे, ३.४ मीटर लांबी, १.४८ मीटर रुंदी आणि २ मीटर उंची. प्रत्येक वेळी मर्यादा वाढली की काही महिन्यांत जवळपास प्रत्येक केई गाडी नव्या मर्यादेच्या अगदी काठाला जाऊन पोचली. ६६० सीसी मिळत असताना ६०० सीसीची गाडी कोणी बनवली नाही. होंडाच्या सध्याच्या केई इंजिनाचा आकार ६५८ सीसी आहे.

लांबी-रुंदीला कुंपण असल्याने केई गाड्या उंचीत वाढल्या. १९९३मध्ये सुझुकीने वॅगन-आर आणली. उंच छत, सरळ बसण्याची जागा, चढायला-उतरायला सोपे दार. म्हाताऱ्या माणसांना ती भावली, लहान मुले असलेल्या घरांनाही भावली. पुढे दाइहात्सुच्या टांटोने आणि २०११च्या शेवटी आलेल्या होंडा एन-बॉक्सने हीच वाट आणखी उंच नेली. २०२२, २०२३ आणि २०२४ या तिन्ही वर्षी जपानमध्ये सर्वांत जास्त विकली गेलेली गाडी एन-बॉक्स होती. केई वगैरे सगळे वर्ग एकत्र धरून. नव्या गाड्यांच्या विक्रीत केई वर्गाचा वाटा अलीकडे एक तृतीयांशाच्या वर राहिला आहे.

करांच्या बारकाव्यांवर गाडी कशी उभी राहते, याचे सर्वांत सुंदर उदाहरण १९७९च्या सुझुकी आल्टोचे आहे. केई मोटारींवर तेव्हा पंधरा टक्क्यांच्या आसपास वस्तुकर होता, पण केई मालवाहू व्हॅनवर तो नव्हता. आदल्याच वर्षी अध्यक्ष झालेल्या ओसामु सुझुकी यांनी आल्टोची नोंदणी व्हॅन म्हणून केली. मागची सीट अरुंद आणि मागे सामानाला जागा. नवरा कामाला गेल्यावर गृहिणीला बाजारहाटासाठी पुढच्या दोन सीटच पुरतात, हा त्यांचा हिशेब होता. देशभर एकच किंमत, ४ लाख ७० हजार येन. गाडी धडाक्यात खपली. १९८१मध्ये सरकारने अशा व्हॅनवरही साडेपाच टक्के वस्तुकर लावला, पण दोनच सीटच्या गाडीला तो नव्हता. मग सुझुकीने दोन सीटची आल्टो काढली. डिसेंबर १९८३मध्ये गुरगावहून निघालेली आपली मारुती ८०० याच आल्टोच्या घराण्यातली. भारतातल्या लाखो कुटुंबांना पहिली मोटार देणाऱ्या गाडीचा साचा असा जपानी करांच्या कोंडीत घडला होता.

ग्राहक प्रत्यक्षात काय करतो

करांचा परिणाम केवळ ‘कोणती गाडी’ या प्रश्नावर होत नाही. गाडी कधी घ्यायची आणि कधी काढून टाकायची, यावरही होतो.

साध्या मोटारीचा कर नोंदणीनंतर महिन्यांच्या हिशेबाने लागतो. केई गाडीला असा हिशेब नाही. १ एप्रिलला ती ज्याच्या नावावर, त्याने पूर्ण वर्षाचा कर भरायचा. २ एप्रिलला घेतली तर त्या वर्षाचा कर शून्य. म्हणून मार्चअखेरीस केई घ्यायला निघालेला चोख ग्राहक दोन-चार दिवस थांबतो, आणि विक्रेताही त्याला तसे सुचवतो. दहा हजार येनांसाठी माणूस वाट बघायला तयार असतो, याची ही साधी साक्ष.

गाडी काढून टाकण्याचा निर्णयही करावर बेततो. पेट्रोलच्या गाडीला पहिल्या नोंदणीपासून तेरा वर्षे उलटली आणि डिझेलच्या गाडीला अकरा वर्षे उलटली, की वार्षिक कर साधारण पंधरा टक्क्यांनी वाढतो. जुन्या दराची दोन लिटरची गाडी ३९,५०० वरून ४५,४०० येनांवर जाते. केईची वाढ टक्क्यांत याहून जास्त असते आणि तिचा कर १२,९०० येनांवर जातो. वजनाचा करही तेराव्या आणि अठराव्या वर्षी चढतो. त्यातच शाकेनचा खर्च. चांगल्या स्थितीतली गाडीही मग मालक विकून टाकतो, आणि ती लिलावातून न्यूझीलंड, पूर्व आफ्रिका, संयुक्त अरब अमिराती अशा देशांना जाते. नैरोबीच्या रस्त्यावर दहा-बारा वर्षे जुन्या, पण नव्यासारख्या टोयोटा दिसतात, त्यामागे जपानी कर आणि तपासणीची ही व्यवस्था आहे.

कर वाढला की ग्राहक बिथरतो, हेही एकदा दिसले. एप्रिल २०१५मध्ये नव्या केई गाड्यांचा वार्षिक कर ७,२०० वरून १०,८०० येन झाला. वाढ वर्षाला फक्त ३,६०० येनांची, पण टक्क्यांत सरळ पन्नास. त्याआधी, २०१४मध्ये, केई गाड्यांची विक्री सुमारे २२.७ लाखांच्या विक्रमी आकड्यावर होती. २०१५मध्ये ती १९ लाखांवर आली. ही घसरण एकट्या कराने झाली असे मी म्हणणार नाही. २०१४मध्ये उपभोग कर पाचाचा आठ टक्के झाला होता आणि सुझुकी-दाइहात्सु यांच्या चढाओढीने त्या वर्षीची विक्री फुगली होती. तरीही कर वाढण्याआधी खरेदी उरकण्याची धावपळ आणि नंतरची मंदी, हा क्रम स्पष्ट होता.

उलट, ऑक्टोबर २०१९मध्ये सरकारने वार्षिक कर कायमचा कमी केला. १९५०मध्ये या कराची आजची व्यवस्था आल्यापासून अशी कपात पहिल्यांदाच झाली. एक लिटरपर्यंत ४,५०० येन, दीड लिटरपर्यंत ४,०००, दोन लिटरपर्यंत ३,५००, आणि अडीच लिटरच्या वर जेमतेम १,००० येन. पण त्याच दिवशी उपभोग कर आठाचा दहा टक्के झाला, आणि काही महिन्यांत करोना आला. त्यामुळे या कपातीचा परिणाम आकड्यांतून वेगळा काढता येत नाही. शिवाय ही सवलत नव्या नोंदणीच्या गाड्यांनाच मिळाली. एकाच इंजिनाच्या, शेजारी-शेजारी उभ्या असलेल्या दोन गाड्यांना वेगळा कर, ही विसंगती त्यातून उरली आहे.

कराने जे सांगता येत नाही

करालाच सगळे श्रेय देणे अन्यायाचे होईल. जपानच्या जुन्या वस्त्यांतून दीड मीटर रुंदीची गाडीही जपून न्यावी लागते. १९६२पासून शहरांत गाडी घेताना ती ठेवायला जागा आहे याचा दाखला लागतो. केई गाड्यांना यात बऱ्याच ठिकाणी सूट किंवा सैल नियम आहेत. द्रुतगती मार्गावर साध्या मोटारीच्या तुलनेत केईला टोलही ऐंशी टक्केच पडतो. म्हणजे केई घेणाऱ्याला कराबरोबर टोल आणि जागेचीही सवलत मिळते.

आणखी एक गोष्ट महत्त्वाची. केई गाड्या कुठे जास्त आहेत? तोक्योत नाहीत. घरटी केईचे प्रमाण तोक्योत देशात सर्वांत कमी आहे. नागानो, तोत्तोरी, सागा, शिमाने अशा ग्रामीण प्रांतांत मात्र घरटी सरासरी एक किंवा त्याच्या आसपास केई गाडी आहे. तिथे बस कमी झाल्या, आगगाडीचे छोटे मार्ग बंद पडले, दुकाने आणि दवाखाने दूर गेले. घरात नवऱ्याला एक, बायकोला एक, सत्तरीतल्या आईला एक अशा तीन-तीन गाड्या लागतात. तिथे प्रत्येक गाडीवर वर्षाचे वीस-तीस हजार येन वाचणे ही चैन नव्हे, गरज आहे. केईवरचा कर वाढवायचा विचार करणाऱ्यांनी हा नकाशा आधी डोळ्यांसमोर ठेवायला हवा. २०१५ची वाढ सर्वांत जास्त याच घरांना बोचली.

मोजमाप जुने झाले आहे

सीसीवर कर लावताना सरकार नेमके काय मोजत होते? मोठे इंजिन म्हणजे मोठी, महाग, जास्त इंधन खाणारी गाडी आणि पैसेवाला मालक, असे जुने समीकरण होते. १९६०च्या दशकात ते बऱ्याच अंशी खरेही होते. आज ते मोडले आहे.

टोयोटाची पहिली प्रियस १९९७मध्ये दीड लिटर इंजिनाने आली. २००९ची तिसरी पिढी १.८ लिटरची झाली, आणि इंधन आणखी कमी खाऊ लागली. तरीही तिचा मूळ वार्षिक कर वरच्या पायरीवर गेला. दुसरीकडे, निस्सानच्या ई-पॉवर गाड्यांत पेट्रोलचे इंजिन फक्त वीज बनवते आणि चाके विजेच्या मोटारीने फिरतात. एक्स-ट्रेलसारखी मोठी एसयूव्ही या रचनेत दीड लिटरच्या इंजिनावर चालते, आणि तिला कर छोट्या कोरोलाइतकाच पडतो. टोयोटाच्या रेझमध्ये एक लिटरच्या आतले टर्बो इंजिन आहे. सर्वांत खालच्या पायरीचा कर, आणि ताकद पूर्वीच्या दीड लिटरची. पूर्वी टर्बोने ग्राहकाला वरच्या पायरीच्या करातून सोडवले. आज हीच युक्ती सगळीकडे चालते. माझदाच्या रोटरी इंजिनासाठी तर वेगळा नियम करावा लागला. त्याचा आकार दीडपट धरला जातो. त्यामुळे आरएक्स-८चे १,३०८ सीसीचे इंजिन कराच्या वहीत १,९६२ सीसीचे होते.

विजेवर चालणाऱ्या गाड्यांनी तर हा प्रश्न टाळता न येण्याजोगा केला आहे. त्यांना सीसीच नाहीत. म्हणून त्यांना सर्वांत खालच्या, एक लिटरपर्यंतच्या पायरीवर बसवले आहे, वर्षाला २५,००० येन. दोन टनांहून जड, अतिशय वेगवान आणि महागडी विजेची गाडी दीड लिटरच्या साध्या कोरोलापेक्षा कमी कर देते. २०२२मध्ये आलेली निस्सान साकुरा ही विजेवरची केई गाडी केईच्या १०,८०० येनांत बसते, ते रास्त आहे. पण जड विजेच्या गाडीबद्दल तसे म्हणता येणार नाही. रस्ता झिजतो तो वजनाने. इंजिनाच्या आकाराशी त्याचा संबंध नाही.

मग वजनावर कर लावला की प्रश्न सुटला? इथे एक इशारा आहे. इतो कोइचिरो आणि जेम्स सॅली या अर्थशास्त्रज्ञांनी जपानच्या मायलेज-नियमांचा अभ्यास २०१८मध्ये प्रसिद्ध केला. या नियमांत जड गाडीला मायलेजचे सोपे लक्ष्य आणि हलकीला कठीण लक्ष्य असे, आणि वजनाचेही टप्पे ठरलेले होते. त्यांना आढळले की सुमारे दहा टक्के गाड्यांचे वजन या नियमांना प्रतिसाद म्हणून सरासरी ११० किलोंनी वाढवले गेले होते. इंधन वाचवायच्या नियमाने गाड्या जड केल्या. सीसीचा इतिहास आणि वजनाचा हा अनुभव एकच सांगतात. तुम्ही काहीही मोजा, त्यात पायऱ्या ठेवल्यात तर लोक पायरीच्या कडेला येऊन उभे राहणारच.

आपल्यासाठी यात काय आहे

भारतात ही गोष्ट परकी नाही. २००६च्या अर्थसंकल्पात लहान गाडीची व्याख्या चार मीटर लांबी, पेट्रोलचे १,२०० सीसी आणि डिझेलचे १,५०० सीसी अशी झाली. त्यातून डिकी कापलेल्या सेडान आल्या आणि १,१९७, १,१९८, १,१९९ सीसींच्या इंजिनांची रांग लागली. २०१२मध्ये मारुतीने स्विफ्ट डिझायर ३,९९५ मिलिमीटरची केली. डिसेंबर २०१५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरात २,००० सीसी आणि त्यावरच्या डिझेल गाड्यांची नोंदणी थांबवली, तेव्हा महिंद्राने काही आठवड्यांत १,९९० सीसीचे इंजिन आणले. ते नाशिकच्या स्कॉर्पिओत आणि चाकणच्या एक्सयूव्ही५००त बसले. सप्टेंबर २०२५पासून या लहान गाड्यांवर १८ टक्के जीएसटी आहे, आणि त्या व्याख्येबाहेरच्या पेट्रोल-डिझेल मोटारींवर ४० टक्के. जपानने १९८९मध्ये जो कडा खाली आणला, तसा एक आपण उभा केला आहे, आणि त्याच्या कडेला कोणत्या गाड्या उभ्या राहतील हे जपानच्या अनुभवावरून आजच सांगता येते.

निष्कर्ष

इंजिनाच्या आकारावरचा कर जपानी ग्राहकाची निवड बदलतो, यात मला शंका उरलेली नाही. १९८९चा अनुभव आणि केई वर्गाची वाढ ही त्याची दोन साक्षीपत्रे आहेत. पण कर बदलतो तो ग्राहकाचा हव्यास नव्हे, त्या हव्यासाची वाट. मोठेपणा हवा असलेल्याला दोन लिटरमध्ये सहा सिलिंडर मिळाले, जागा हवी असलेल्याला उंच छत मिळाले, ताकद हवी असलेल्याला टर्बो मिळाला. कराने इंजिने लहान केली आणि त्यातून गाड्या काही अंशी हलक्या, काटकसरी झाल्या. हे यश खरे आहे आणि ते नाकारू नये.

मात्र हे मोजमाप आता चुकीच्या गोष्टीवर बोट ठेवते. जपानने वार्षिक कर हळूहळू गाडीचे वजन आणि तिचे प्रत्यक्ष उत्सर्जन यांवर न्यावा, आणि तो पायऱ्यांऐवजी सलग चढणारा असावा. विजेच्या जड गाड्यांनाही रस्त्याचा आपला वाटा द्यायला लावावा. त्याच वेळी ग्रामीण प्रांतांतल्या केईवरचा भार वाढू नये, कारण तिथे ती गाडी म्हणजे दवाखान्यापर्यंत पोचण्याचा एकमेव मार्ग आहे. आणि आपल्याकडच्या धोरणकर्त्यांना एवढेच सांगायचे आहे, की गाडीवरच्या कराची रेषा आखताना तिच्या दोन्ही बाजूंना काय उभे राहील याचा विचार आधी करा. एकदा रेषा आखली की कारखाने, ग्राहक आणि रस्ते पुढची पन्नास वर्षे तिच्याप्रमाणे घडत जातात.